भाजपच्या ज्येष्ठ नेत्यांना खुलं पत्र: तुमचं आपसात नेमकं कुठे पटत नाही ते आम्हालाही कळू द्या

मा. ज्येष्ठ नेतेमंडळी,
भारतीय जनता पक्ष

सप्रेम नमस्कार.

पत्र कुणा एकाला नाहीये. जे मंत्रिमंडळात आहेत, जे राष्ट्रीय कार्यकारिणीत आहेत, जे मार्गदर्शक मंडळात बसवले गेले (ते मंडळ कधी भरतं का हा वेगळा विषय), आणि जे संघाच्या, मजदूर संघाच्या, किसान संघाच्या बाजूने येऊन पक्षाला अधूनमधून चार गोष्टी सुनावतात, अशा सगळ्यांना आहे. मी पक्षाचा पदाधिकारी वगैरे नाही, मिस्ड कॉल देऊन झालेला सभासदसुद्धा नाही. मतदार आहे. कमळाला मत दिलंय, कधीकधी नाहीही दिलं.

तुमच्यात विचारांचे फरक आहेत हे आता लहान पोरालाही माहितीये. एवढा मोठा पक्ष आहे, फरक नसते तर उलट काळजी वाटली असती. माझी तक्रार फरक आहेत ही नाहीच, तक्रार अशी आहे की तुम्ही ते दारं लावून मिटवता आणि मग एके दिवशी सरकारचा निर्णय एकदम उलटा फिरतो, आणि आम्ही पेपर वाचून विचार करत बसतो की कालपर्यंत जे चूक होतं ते आज बरोबर कसं झालं, कुणी कुणाला पटवलं आणि काय सांगून पटवलं.

जातनिहाय जनगणनेचंच घ्या. जुलै २०२१ मध्ये तुमच्याच सरकारने लोकसभेत सांगितलं की एससी एसटी सोडून बाकी जाती मोजायच्या नाहीत असं धोरण ठरलंय. दोन महिन्यांनी सुप्रीम कोर्टात, आणि तेही आपल्या महाराष्ट्राच्याच याचिकेत, अॅफिडेव्हिट दिलं की हे काम प्रशासनाच्या दृष्टीने अवघड आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बिहारचं सर्वपक्षीय शिष्टमंडळ ही गणना करा म्हणून पंतप्रधानांना भेटलं त्यात भाजपचा माणूस पण होता! म्हणजे दिल्लीत नाही आणि पाटण्यात हो. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनाच्या वेळी सत्ताधारी आमदार संघाच्या रेशीमबागेतल्या स्मृतिमंदिरात गेले तेव्हा संघाच्या विदर्भातल्या एका पदाधिकाऱ्यांनी या गणनेला विरोध बोलून दाखवला, मग दोन दिवसांत वरून खुलासा आला. सप्टेंबर २०२४ ला संघाच्या पालक्काडच्या बैठकीनंतर संघाच्या सुनील आंबेकरांनी सांगितलं की कल्याणकारी योजनांसाठी आकडे लागत असतील तर हरकत नाही, निवडणुकीसाठी वापरू नका. आणि ३० एप्रिल २०२५ ला कॅबिनेटने मंजुरीच देऊन टाकली.

आता यातला कुठला निर्णय बरोबर हे मी सांगत नाहीये, माझं स्वतःचं मत मंजुरीच्या बाजूने आहे. पण चार वर्षांत १८० डिग्री फिरलात, हिंदू समाज जातीत वाटला जाईल असं ज्यांना मनापासून वाटत होतं त्यांचं काय झालं? त्यांना पटलं, की गप्प बसवलं, की अजून पटलेलं नाही पण शिस्त म्हणून बोलत नाहीत? हे कुणी सांगितलंच नाही. विरोधक म्हणाले आमच्यामुळे झालं, तुम्ही म्हणालात आम्हीच करून दाखवलं, आणि मूळ वाद गेला कुठच्या कुठे.

आधी असं नव्हतं. म्हणजे पूर्वीचा भाजप काही संतांचा मेळा नव्हता, बलराज मधोक एकेकाळी जनसंघाचे अध्यक्ष होते आणि १९७३ मध्ये त्यांनाच पक्षातून काढलं, तेव्हा अध्यक्ष होते अडवाणी. कडकपणा तेव्हाही होताच. पण वाद कशावरून चाललाय ते निदान बाहेर दिसायचं. १९८० मध्ये पक्ष स्थापन झाला आणि वाजपेयींनी गांधीवादी समाजवाद ही लाइन घेतली, तेव्हा राजमाता विजयाराजे सिंदियांनी, ज्या पक्षाच्या उपाध्यक्ष होत्या, लेखी आक्षेप घेतला होता की असं करून आपण काँग्रेसची नक्कल वाटू. आणि तो आक्षेप लोकांना माहीत होता. पुढे १९८४ ला दोन खासदार आले, मग १९८५ मध्ये पक्षाने पुन्हा दीनदयाळजींचा एकात्म मानववाद मूळ तत्त्वज्ञान म्हणून घेतला. हा प्रवास कुणालाही वाचता येतो, दोन्ही बाजूंची कारणं समजतात.

बाय द वे, तुमच्या पक्षाची घटना शेवटची कधी वाचली? मी मुद्दाम काढून वाचली. पंचनिष्ठांमध्ये आर्थिक सामाजिक प्रश्नांकडे बघायचा गांधीवादी दृष्टिकोन आणि शोषणमुक्त समतायुक्त समाज अजून तिथेच आहे, सर्वधर्मसमभाव आहे, मूल्याधिष्ठित राजकारण पण आहे. आणि उद्दिष्टांमध्ये समाजवाद, सेक्युलॅरिझम आणि लोकशाही यांच्यावर निष्ठा असंही लिहिलंय, ते लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ मुळे प्रत्येक नोंदणीकृत पक्षाला लिहावंच लागतं. जून २०२५ मध्ये संघाच्या दत्तात्रेय होसबाळेंनी आणीबाणीच्या पन्नाशीला प्रश्न काढला की संविधानाच्या प्रास्ताविकेत समाजवादी आणि सेक्युलर हे दोन शब्द ठेवायचे का याचा विचार व्हावा. लगेच काही केंद्रीय मंत्र्यांनी होकार भरला, काहींनी तोंडच उघडलं नाही. आता तुमचं मत काय? जे गप्प बसले त्यांना ते शब्द हवेत का नकोत? आणि संविधानातून काढायचे म्हणता तर आधी पक्षाच्या घटनेतले काढायला लागतील, नाही का, त्यासाठी कायदा बदलावा लागेल, मग तसा प्रस्ताव मांडणार का कुणी? की हा विषय फक्त भाषणापुरता आहे?

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते आर्थिक धोरणावर, कारण खरी दरी तिथे आहे असं माझं मत. देव देश धर्म यावर तुमच्यात फार फरक नाही, असला तर आवाजाच्या पट्टीचा (आणि गोमांसावर राज्यागणिक बदलणाऱ्या सुराचा, २०१५ मध्ये महाराष्ट्रात बंदी आणली आणि २०१७ मध्ये गोव्यात पर्रीकर विधानसभेत सांगत होते की बीफचा तुटवडा पडू देणार नाही, असो). पण पैसा आला की तुमच्यात सरळसरळ दोन तीन पक्ष आहेत. एक स्वदेशीवाला, दत्तोपंत ठेंगडींचा. दुसरा बाजारवाला, सरकारने धंदा करू नये म्हणणारा. आणि आता तिसरा, खात्यात थेट पैसे टाकणारा.

ठेंगडी आपल्या आर्वीचे, वर्धा जिल्ह्यातले. १९५५ ला मजदूर संघ, १९७९ ला किसान संघ, १९९१ ला स्वदेशी जागरण मंच, तिन्ही त्यांनी उभे केले. वाजपेयींचं सरकार आलं, म्हणजे स्वतःच्या माणसांचं सरकार, आणि या माणसाने त्यांच्या आर्थिक धोरणाविरुद्ध रान उठवलं, २००१ मध्ये रामलीला मैदानावर मजदूर संघाची मोठी रॅली झाली ती स्वतःच्याच सरकारच्या विरोधात. २००३ मध्ये पद्मभूषण दिलं तर घेतलं नाही. मला त्यांची सगळी मतं पटत नाहीत, स्पष्ट सांगतो, सगळं स्वदेशी ठेवून आज आपण कुठे असतो देव जाणे. पण माणूस कुठे उभा आहे ते लांबूनही दिसायचं.

आणि त्याच काळातला एचपीसीएल बीपीसीएलचा वाद आठवा. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण आज असं काही होईल यावर नवीन पोरांचा विश्वास बसत नाही. अरुण शौरी निर्गुंतवणूक मंत्री, त्यांचं म्हणणं या तेल कंपन्या खासगी हातात द्या. राम नाईक पेट्रोलियम मंत्री, उत्तर मुंबईचे खासदार, अंगावर आयुष्यभराचा संघ जनसंघ, ते म्हणाले तेल ही धोरणात्मक गोष्ट आहे, नाही विकायची. नाईकांच्या बाजूला संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस. २००२ भर हे चाललं. कॅबिनेटने निर्णय पुढे ढकलला, मग जानेवारी २००३ मध्ये मधला मार्ग निघाला की एचपीसीएल धोरणात्मक भागीदाराला आणि बीपीसीएलचे शेअर बाजारात. एकाच सरकारातले दोन मंत्री रोज पेपरमधून एकमेकांचे मुद्दे खोडतायत आणि सरकार काही पडलं नाही! शेवटी सप्टेंबर २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या कंपन्या १९७४ आणि १९७६ च्या संसदेच्या कायद्यांनी सरकारकडे आल्यात, ते कायदे न बदलता असं विकता येणार नाही.

आता याच गोष्टीचा दुसरा अंक बघा. बीपीसीएलचा तो राष्ट्रीयीकरणाचा जुना कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, कसा, तर शेकडो कालबाह्य कायदे एका फटक्यात रद्द करणाऱ्या विधेयकात तोही होता. किती लोकांना कळलं? जानेवारी २०१८ मध्ये सरकारने एचपीसीएलमधला आपला हिस्सा ओएनजीसीला ३६,९१५ कोटींना विकला, म्हणजे सरकारी कंपनीने सरकारी कंपनी घेतली. नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅबिनेटने बीपीसीएल विकायला मंजुरी दिली आणि मे २०२२ मध्ये खरेदीदार उरले नाहीत म्हणून तो बेत गुंडाळला. या सगळ्या वर्षांत पक्षातून एकही राम नाईक उभा राहिला नाही आणि खरं सांगायचं तर एकही शौरी पण उभा राहिला नाही, म्हणजे बाजूने सुद्धा कुणी खणखणीत मांडणी केली नाही. निर्णय झाला, निर्णय गेला. सगळे एका सुरात हो म्हणाले, नंतर सगळे एका सुरात गप्प.

विम्यातल्या परकीय गुंतवणुकीचं तेच. १९९९ च्या कायद्यात २६ टक्के, तेव्हा केवढा गदारोळ आपल्याच परिवारात, मग २०१५ ला ४९, २०२१ ला ७४, आणि २०२५ च्या बजेटमध्ये १०० टक्क्यांची घोषणा. मजदूर संघाने प्रत्येक वेळी नाराजीचं पत्रक काढायचं आणि सरकारने पुढे जायचं, हे आता इतकं ठरल्यासारखं झालंय की दोघांनाही त्याचं काही वाटत नाही. २०२० च्या कामगार संहितांत कामगार कपातीला सरकारची परवानगी लागायची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली, मजदूर संघाचा कडक विरोध होता. तो विरोध पक्षात कुणाच्या तोंडून ऐकू आला का?

पण दबाव चालतो, हेही दिसलंय. भूसंपादन अध्यादेश तीनदा काढला आणि शेवटी २०१५ मध्ये सोडून दिला, त्यात विरोधकांइतकाच परिवारातल्या संघटनांचा हात होता. २०१९ मध्ये आरसेप या आशियाई देशांच्या व्यापार करारातून बाहेर पडलो त्यात स्वदेशीवाल्यांचा मोठा वाटा. म्हणजे वाद होतात, कुणीतरी जिंकतं, कुणीतरी हरतं. फक्त मॅचचं प्रक्षेपण बंद आहे, आम्हाला एकदम शेवटचा स्कोअर कळतो.

गडकरी साहेबांचं ते पत्र सगळ्यांना आठवत असेल. जुलै २०२४. नागपूरच्या एलआयसी कर्मचारी युनियनने त्यांना निवेदन दिलं, त्यांनी ते अर्थमंत्र्यांना पुढे पाठवलं आणि लिहिलं की आयुर्विमा आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लावणं म्हणजे आयुष्यातल्या अनिश्चिततेवरच टॅक्स लावण्यासारखं आहे, तो काढावा. पत्र बाहेर आलं आणि चॅनलवर काय चालू झालं? गडकरींची नाराजी, गडकरी विरुद्ध अमुक, घरचा आहेर, सगळं तेच. मुद्दा विम्याच्या हप्त्याचा होता हो! ज्याच्या घरात म्हातारे आईवडील आहेत आणि मेडिक्लेमचा हप्ता दरवर्षी वाढतोय त्याला त्या १८ टक्क्यांचं काय वाटतं ते त्याला विचारा. विरोधकांनी संसदेबाहेर निदर्शनं केली, अर्थमंत्र्यांनी सांगितलं हा टॅक्स आधीपासून आहे आणि जीएसटी कौन्सिलमध्ये राज्यं पण असतात. बरोबर आहे त्यांचं. पण वर्षभराने, २२ सप्टेंबर २०२५ पासून, वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी शून्य झालाच की. म्हणजे सहकारी मंत्र्याने पत्रात जे लिहिलं होतं ते चुकीचं नव्हतं. मग त्या वेळेस तेवढं बिचकायचं कारण काय होतं? एका मंत्र्याने दुसऱ्या मंत्र्याला मुद्देसूद पत्र लिहिणं ही बातमी व्हावी इतकी दुर्मिळ गोष्ट का झाली?

आणि रेवडी. जुलै २०२२ मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसवेच्या उद्घाटनाला पंतप्रधानांनी तरुणांना सांगितलं की रेवडी वाटायची संस्कृती देशाला घातक आहे. मला पटलं होतं. पुढच्या वर्षी मध्य प्रदेशात लाडली बहना, त्याच्या पुढच्या वर्षी आपल्याकडे लाडकी बहीण, महिना १५०० रुपये, वर्षाची तरतूद ४६ हजार कोटी, आणि जाहीरनाम्यात २१००. निकाल काय लागला ते माहितीये, एकट्या भाजपचे १३२ आमदार. योजना वाईट म्हणायची माझी हिंमत नाही, ज्या बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले तिला जाऊन रेवडी म्हणून दाखवा. पण मग एक सांगा, २०२२ चं म्हणणं बदललं का? बदललं असेल तर तसं सांगा, की आम्ही विचार केला, रोख मदत आणि रेवडी यात हा हा फरक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये गडकरींनीच नागपुरात उद्योजकांना सांगितलं की सबसिडीवर विसंबून राहू नका, वेळेवर मिळेल याची खात्री नाही, लाडक्या बहिणीलाही पैसे द्यायचेत. झालं, पुन्हा तेच, सारवासारव. अहो तिजोरीत पैसे किती आणि आधी कुणाला द्यायचे यावर सत्ताधारी पक्षात वाद नाही होणार तर कुठे होणार?

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. एक तर मीडिया. दोन नेत्यांनी दोन वेगळी वाक्यं बोलली की बंड, खदखद, भूकंप. दुसरं म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, १९८५ पासून व्हिप निघाला की खासदाराचं मत हे पक्षाचं मत, वेगळं बटण दाबलं तर खासदारकी जाऊ शकते. तिसरं, आणि हे जरा कडू आहे, ज्यांनी तुमच्यातून बाहेर पडून तोंड उघडलं त्यातल्या बऱ्याच जणांना तत्त्व तेव्हाच आठवलं जेव्हा पद गेलं किंवा मिळालं नाही. यशवंत सिन्हांनी २०१७ मध्ये अर्थव्यवस्थेवर लेख लिहिला, मुद्दे विचार करण्यासारखे होते, पण लोकांनी पहिलं काय विचारलं, की मंत्री केलं असतं तर लिहिलं असतं का. उत्तर द्यायला पुढे कोण, तर त्यांचेच चिरंजीव जयंत सिन्हा, जे तेव्हा मंत्री होते. नाना पटोले मात्र खासदार असताना शेतकऱ्यांच्या प्रश्नावर बोलले आणि डिसेंबर २०१७ मध्ये खासदारकी सोडून गेले, ते काँग्रेसमध्ये गेले म्हणून त्यांचं बोलणं खोटं ठरत नाही.

आणि जे आत राहून बोलले त्यांचं काय झालं तेही सगळ्यांनी पाहिलं. अडवाणींनी २००५ मध्ये कराचीत जिनांबद्दल बोलून अध्यक्षपद घालवलं. जसवंतसिंगांना २००९ मध्ये सिमल्याच्या चिंतन बैठकीच्या वेळी जिनांवरच्याच पुस्तकासाठी काढलं, चिंतनाला जमले होते सगळे आणि चिंतन करणाऱ्यालाच बाहेर! नोव्हेंबर २०१५ मध्ये बिहार हरल्यावर अडवाणी, जोशी, शांताकुमार आणि यशवंत सिन्हांनी पत्रक काढलं की पराभवाची जबाबदारी कुणीतरी घ्या, त्याचं उत्तर फार सौम्य शब्दांत आलं आणि विषय संपला. वरुण गांधी शेतकऱ्यांच्या बाजूने बोलत राहिले, ऑक्टोबर २०२१ मध्ये नवी कार्यकारिणी आली त्यात त्यांचं नाव नव्हतं, आणि पुढच्याच महिन्यात १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी स्वतः कृषी कायदे मागे घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये संसदीय मंडळातून गडकरी आणि शिवराजसिंह चौहान दोघं गेले, कारण काय ते जाहीर झालं नाही. यात काय संबंध आहे काय नाही ते तुम्हाला माहीत, पण खालचा कार्यकर्ता हे बघून जे शिकायचं ते शिकतो.

मग २०२४ ला ३०३ चे २४० झाले. त्याच्या आधी मे महिन्यात तेव्हाचे पक्षाध्यक्ष नड्डाजी मुलाखतीत म्हणाले होते की पक्ष आता मोठा झालाय, स्वतःचं स्वतः बघू शकतो. आणि निकालानंतर जूनमध्ये नागपुरातून सरसंघचालकांनी खऱ्या सेवकाला अहंकार नसतो असं सुनावलं. एवढं सगळं मुलाखतीतून आणि बौद्धिकातून एकमेकांना ऐकवण्यापेक्षा समोरासमोर बसून, आणि आमच्या देखत, का नाही होत? विचारलं की ठरलेलं उत्तर, मतभेद आहेत मनभेद नाहीत. बरं बाबा, मनभेद नाहीत मान्य. पण मग ते मतभेद तरी दाखवा!

माझी मागणी फार मोठी नाहीये. राष्ट्रीय कार्यकारिणीत आर्थिक प्रस्ताव येतो तेव्हा त्यावर कुणी काय दुरुस्ती सुचवली आणि ती का घेतली नाही एवढं छापा. उत्तनला म्हाळगी प्रबोधिनीत एवढी शिबिरं होतात, ती ज्यांच्या नावाने आहे ते रामभाऊ आपल्या कामाचा अहवाल मतदारांपुढे ठेवायचे, तिथे वर्षातून एकदा मजदूर संघाचा माणूस आणि अर्थखात्याचा मंत्री एका स्टेजवर बसवा, कॅमेरे चालू ठेवून. ज्याला कामगार संहिता पटत नाही त्याने का ते सांगावं, ज्याला पटते त्याने का ते सांगावं. जो मुद्दा हरेल त्याला पुढच्या वेळी तिकीट मिळेल एवढी फक्त खात्री द्या.

आणि तेवढंही जमत नसेल तर निदान एका प्रश्नाचं उत्तर द्या, कुणीही द्या, स्वदेशीवाल्याने द्या नाहीतर बाजारवाल्याने. २०१९ ला बीपीसीएल विकायची ठरली, २०२२ ला राहिली. आता पुढे ती विकायची आहे की नाही, आणि पक्षातल्या कुणाकुणाचं त्यावर काय म्हणणं आहे?

कळावे,
आपला
एक मतदार